पेटीवरची वंदना

मुदखेडहून निरोप आला : संध्याकाळी जीप येते, सिंधूचं सामान बांधून ठेवा. निरोप आणणारा चहा पिऊन गेला. सिंधूला कुणी विचारलं नाही, नुसतं सांगितलं. तेही धाकट्या माधवने, कारण थोरल्या व्यंकटीला बहिणीच्या डोळ्यात बघून बोलायची सवय राहिली नव्हती.

"ताई, सामान बांधून ठेव," माधव म्हणाला. "तमाशा नको. आज नगरपालिकेचा ओव्हरसियर येणार आहे."

"बांधते की," सिंधू म्हणाली.

ती इतक्या लवकर कबूल होईल असं माधवला वाटलं नव्हतं. कलेक्टर कचेरीत कारकुनी करणाऱ्या माणसाला तिथंच शंका यायला पाहिजे होती. पण माधव नवा होता. जिल्हाही नवा होता.

जिल्हा झाला आणि लातूरच्या माणसाला आपलं मागचं अंगण दिसायला लागलं. उस्मानाबादेहून कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागे बाबू आले, बाबूंना खोल्या पाहिजे होत्या. ज्याच्या मागे शेळ्या होत्या त्याने शेळ्या विकून पत्रे टाकले. सिंधूच्या माहेरी, सोनकांबळ्यांच्या घरामागेही अशाच चार खोल्या उठल्या. परवाना कुणी काढला? कुणीच नाही. "पाऊस कुणाला इचारून गेला का? मंग आपुन बांधायला कशाला कुणाला इचारायचं?" असं व्यंकटीचं शास्त्र होतं.

मग पलीकडच्या गल्लीत एका भाड्याच्या खोलीत फटाक्याची दारू पेटली. ठेवली होती मालकाने, भाजला भाडेकरू. नेहमीचंच. तेव्हा नगरपालिकेला जाग आली आणि हुकूम निघाला : भाड्याच्या प्रत्येक खोलीची तपासणी. खिडकी आहे का, नाली आहे का, आत कोण राहतं, आणि आत जळणारं, फुटणारं, विषारी काही ठेवलंय का. राहणाऱ्याचं नाव परवान्यावर चढणार. ज्या खोलीत कुणी राहत नाही ती कोठार, आणि कोठारात माणसाने झोपायचं नाही.

भावांनी ठरवून टाकलं होतं. तीन खोल्या भाड्याच्या, आणि कोपऱ्यातली चौथी, सिंधू राहते ती, कोठार. एकदा कागदावर कोठार झालं की सिंधूला लातुरात पाठ टेकायला जागा नाही. दवाखान्यात नर्स होती, कमवत होती, पण कमाईने काय होतं? नवऱ्याला सोडून आलेल्या बाईला गावात खोली नव्हती, आणि आडनाव सोनकांबळे म्हटलं की रिकामी असलेली खोलीही भरलेली असायची. म्हणजे मुदखेड. मुदखेडला नवरा होता. तो पिऊन मारायचा आणि उतरल्यावर माफी नाही, चहा मागायचा.

व्यंकटीला खोली पाहिजे होती आणि माधवला लग्न. देवणीकडचं स्थळ आलं होतं आणि मुलीच्या बापाने पहिला प्रश्न हाच केला होता, "घरात परत आलेली कुणी हाय का?" भिंतीवर बाबासाहेब टांगायचे आणि बहिणीला मार खायला परत धाडायचं, हे दोन्ही एका खिळ्यावर बसत नाही. पण सोनकांबळ्यांच्या पोरांनी बसवलं होतं.

पंचफुला, व्यंकटीची बायको, चुलीपाशी हे सगळं ऐकत होती. ती कमी बोलायची. घरच्यांना वाटायचं, हिला समजत नाही.

नवऱ्याचं एक गुपित तिला समजलं होतं ते सिंधूच्या डोक्यावरून. सिंधूचं डोकं महिनोन्‌महिने ठणकत होतं. ड्युटीवर गेली की उतरायचं, खोलीत येऊन निजली की पुन्हा धरायचं. सुट्टीच्या दिवशी तर उठवत नव्हतं. परवा ती चुलीपाशी कपाळ दाबत बसली तेव्हा पंचफुलाने विचारलं,

"बाई, तुमच्या खाटंखाली ह्यांनी ठेवलेली पेटी हाय ना, ती काय हाय?"

"पंपाचं सामान म्हणाला दादा."

पंचफुला हसली. "ह्यांचं बी डोकं असंच धरायचं. लगीन झाल्यावर वरीसभर. मला वाटायचं माझ्यामुळं धरतंय. मंग कळलं, तोट्यामुळं. त्याचा वास नाकात गेला की माणूस हैराण होतंय."

व्यंकटी बारवाला होता, विहिरीत सुरुंगाचे बार उडवणारा. दुष्काळात नशीब उघडतं ते टँकरवाल्याचं आणि बारवाल्याचं. विहिरी आटल्या की लोक त्या खोल करतात, खाली खडक लागतो, खडकाला सुरुंग लागतो. जिलेटिनच्या कांड्या, ज्याला बारवाले तोटे म्हणतात, ठेवायला गावाबाहेर माळावर परवान्याचं गोदाम होतं. पण माळावर जायचा व्यंकटीला आळस. त्याने पेटी आणून बहिणीच्या खाटेखाली सरकवली. आणि तोटे पेटवणाऱ्या टोप्या? त्याही त्याच पेटीत. तोटे आणि टोप्या एका ठिकाणी ठेवायच्या नाहीत, हे ह्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. पण पहिल्या दिवशी शिकलेलं माणूस पहिल्या दिवसापुरतंच पाळतो.

"म्हणजे मी बारावर निजते?" सिंधू म्हणाली.

"तुम्ही वर निजता. मी बारवाल्याशेजारी निजते. सांगा, कोणाची तकलीफ जास्त?"

दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. पुढे दोघींचं काय ठरलं ते चुलीला ठाऊक.

ओव्हरसियर दुपारी येणार होता. तो दहालाच आला. लुनाचा आवाज गल्लीच्या तोंडाशी ऐकू आला तेव्हा व्यंकटी आपल्या धंद्याच्या जीपला टेकून बिडी ओढत होता. त्याने बिडी टाकली आणि मागे पळाला.

"मल्लिकार्जुन! ए मल्ल्या! कुठं मेला हा डायवर?"

"त्याला टँकरकडं धाडलंय, घागरी घिऊन," पंचफुला म्हणाली. "काय झालं?"

"पेटी हलवायची ऱ्हायली! धर तिकडून."

दोघांनी पेटी उचलली. सागाची, लोखंडी पट्ट्यांची, कडी लावलेली. जड होती. मागच्या दाराने घरात आणली आणि व्यंकटीने चारही बाजूंना नजर फिरवली.

"खाटंखाली ढकल."

"खाटंखाली तर पयलं बघतेत," पंचफुला म्हणाली. "फोटोखाली ठेवा."

"कोण्या फोटोखाली?"

"बुद्धाच्या आन् बाबासाहेबांच्या. वर पांढरा कपडा टाकते. फोटो उचला म्हणायची हिंमत कोण्या सरकारी माणसात हाय?"

व्यंकटी बायकोकडे बघतच राहिला. संसारात पहिल्यांदा त्याने तिचं ऐकलं, आणि तेही असल्या कामात. समोरच्या खोलीत भिंतीशी पेटी ठेवली, वर पांढरंशुभ्र कापड, त्यावर दोन तसबिरी, दोन बाजूंना झेंडूची फुलं. कुणी म्हणेल घरात किती श्रद्धा!

ओव्हरसियर गुरुपादप्पा निलंग्याकडचा माणूस. कपाळाला भस्म, खिशाला दोन पेनं, बोलणं गोड. असले गोड बोलणारेच कागदावर कडू लिहितात. त्याने चपला बाहेर काढल्या, पारूबाईला नमस्कार केला.

"बरं का अम्मा, खोल्या दाखवा. मी काय खाणार नाही."

"खाऊ नका. तपासा," पारूबाई म्हणाली. ती ह्या सगळ्यांची आई. जागा तिच्या नावावर होती, हे पोरं सोयीनं विसरायची आणि ती सोयीनं आठवण करून द्यायची.

पहिल्या खोलीत खिडकी होती. दुसरीत खिडकी होती पण तिच्यासमोर भिंत होती. तिसरीत भाडेकरूने स्टोव्हशेजारी रॉकेलचा डबा ठेवला होता, तो गुरुपादप्पाने स्वतः उचलून बाहेर ठेवला.

"अय्यो शिवा, हे काय रीऽ? जळायचंय का? अम्मा, घरात दुसरं काही ज्वालाग्राही?"

"म्हंजे?"

"पटकन पेट घेणारं."

"हाय की," पारूबाई म्हणाली. "माझी लेक. तिला सासरी धाडायचं नाव काढा, पेटती का न्हाई बघा."

गुरुपादप्पा खो खो हसला. व्यंकटीही हसला, जरा जास्तच. चौथ्या खोलीच्या दारात माधव आडवा उभा राहिला.

"साहेब, हे कोठार. इथं कुणी राहत नाही."

आत खाट होती. दोरीवर नर्सचा पांढरा पोशाख वाळत होता.

"कोठाराला ड्युटी असते का?" गुरुपादप्पाने विचारलं.

"तिचं सामान बांधून झालंय," माधव म्हणाला. "आज सासरी चालली."

गुरुपादप्पाने पेन काढलं. सिंधू भिंतीला टेकून उभी होती. कोठार हा शब्द लिहायला किती वेळ लागतो? कागदाला पेन टेकणार तोच पारूबाई म्हणाली,

"आधी वंदना. आज खोल्यांचं मंगल करायचं ठरलंय. लिवायचं ते बसून लिवा. साहेब, तुम्ही बी बसा. आमच्याकडं बसायला कोणाला मनाई न्हाई."

गुरुपादप्पाने पेन खिशात ठेवलं. सिंधू चटई आणायला वळली.

समोरच्या खोलीत चटई अंथरली. पारूबाई पुढे, तिच्यामागे लेकरं, सून, बाजूला ओव्हरसियर मांडी घालून. पारूबाईला अक्षर येत नव्हतं. पण दीक्षेनंतर कानांनी उचललेलं पाली तिला असं पाठ होतं की शिकलेला माधव तिच्या मागून ओठ हलवून वेळ मारून न्यायचा. तिने पदराखालून मेणबत्त्या काढल्या. दोन. पेटवल्या. मेणाचे थेंब पाडले आणि पेटीच्या पांढऱ्या कापडावर, तसबिरींच्या पुढे, उभ्या केल्या. मग उदबत्तीचा पुडाच्या पुडा.

व्यंकटी गुडघ्यांवर उठला.

"माय, मेणबत्ती खाली ठेव की. फरशीवर."

"फरशीवर? बुद्धाच्या पायाखाली उजेड आन् तोंडावर अंधार? गप बस."

"कपडा जळंल."

"जळला तर दुसरा आणशील. लई कमवून राहिलास ना?"

नमो तस्स सुरू झालं. व्यंकटीने हात जोडले. मेणबत्ती चांगली जाड होती, पण त्याला ती दर श्वासाला बोटभर खाली येताना दिसत होती. उदबत्तीची राख वाकली, वाकली आणि कापडावर पडली. कापडावर एक तपकिरी ठिपका उठला. खाली फळी. फळीखाली तोटे. तोट्यांशेजारी टोप्या. ह्या हातांनी ठेवलेल्या.

सिंधू त्याच्याशेजारी बसली होती. ओठ पालीत, आवाज भावाच्या कानात.

"दादा, घाम लई आलाय."

"उकडतंय."

"डोकं बी धरलंय का? माझं धरायचं. त्या खोलीत निजलं की."

व्यंकटीने मान वळवली. बहिणीच्या डोळ्यात बघायची वेळ त्याच्यावर किती दिवसांनी आली होती!

"सिंधे, तुला मालूम हाय?"

"काय? पंपाचं सामान हाय ना त्यात?"

"मेणबत्ती विझव. तुझ्या पाया पडतो."

"मी विझवली तर माय मारील. तू विझव. आन् का विझवली ते ओव्हरसियर साहेबाला तूच सांग."

पुढे पारूबाईने पंचशील धरलं. एकेक शील ती म्हणे, मागे सगळे म्हणत. चौथं शील आलं, मुसावादा वेरमणी, खोटं बोलण्यापासून दूर राहीन. सगळ्यांचा आवाज उठला, व्यंकटीचा उठला नाही. पारूबाई थांबली. मागे वळून म्हणाली,

"व्यंकट्या, चौथं म्हणला न्हाईस. साहेबाम्होरं एवढी लाज कशाची? म्हण."

व्यंकटीने म्हटलं. एकट्याने, मोठ्याने, फाटक्या आवाजात. गुरुपादप्पाने त्याच्याकडे पाहिलं. माणसाच्या कपाळावरून घाम वाहत होता, डोळ्यांत पाणी होतं, नजर तसबिरींवर खिळलेली होती. गुरुपादप्पाने आयुष्यात पुष्कळ देवळं पाहिली होती. त्याला वाटलं, एवढी भक्ती आपल्या मठात कुणाला नाही. बारवाल्यांबद्दल आपण उगीच वाईट ऐकतो.

"काय पाहिजे तुला?" व्यंकटी कुजबुजला.

"कोपऱ्याच्या खोलीवर नाव. राहणार म्हणून. तुझ्या तोंडानं."

"आन् मुदखेडला काय सांगू?"

"ते मेणबत्तीला इचार."

व्यंकटीने पलीकडे माधवच्या कानाशी तोंड नेलं आणि दोनच शब्द बोलला. पेटीत तोटे. माधव जागेवर बसल्या बसल्या वीतभर उडाला. कलेक्टर कचेरीत दारूगोळ्याच्या परवान्यांचे कागद ज्या टेबलावर यायचे, ते टेबल त्याचंच होतं. त्याच्या घरात, त्याच्या आईच्या तसबिरींखाली, त्याच्या भावाचे तोटे! पेटी उडाली तर जीव जाणार, नाही उडाली आणि कळलं तर नोकरी जाणार. कुठलं जास्त वाईट, हे ठरवायला त्याला दोन क्षण लागले. मग त्याने बाजू बदलली. माणसं विचारांनी बाजू बदलतात असं पुस्तकात लिहिलेलं असतं. ते पुस्तक लिहिणारा मेणबत्तीसमोर बसलेला नसतो.

"साहेब!" माधव ओरडला. "चौथ्या खोलीची नोंद चुकली!"

"मेल्या, वंदना चालूय," पारूबाई म्हणाली. "मंगलसुत्त झाल्याबिगर कोणी उठायचं न्हाई."

मंगलसुत्त लांब असतं. पारूबाई ते घाईने म्हणत नसे. त्या दिवशी तर तिने असं संथ धरलं, की एकेका ओळीला मेणाचा एकेक थेंब ओघळत होता. डावी मेणबत्ती कापडापासून चार बोटांवर आली. व्यंकटीने शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

"माय, एक बोलू? मंगलातच बोलतो. चांगलंच बोलतो."

"बोल."

"साहेब, कोपऱ्याची खोली कोठार न्हाई. तिथं माझी बहीण राहती. सिंधू. इथंच ऱ्हाणार. लिवा."

गुरुपादप्पाने मांडीवर कागद घेतला.

"सासरी चालल्या म्हणाले ना हे?"

"मी चुकलो," माधव म्हणाला. "साफ चुकलो. ताई कुठं जात नाही. लवकर लिहा साहेब."

"मालक कोण?"

"मी," पारूबाई म्हणाली. "ती माझी लेक. एवढं लिवायला वंदना का मोडली?"

"आन् साहेब, तिथं खिडकी न्हाई," सिंधू म्हणाली. "मालकाच्या लेकानं खिडकी पाडून द्यायची, ते बी लिवा. आत वास कोंडतो."

"कसला वास?"

"देतो!" व्यंकटी म्हणाला. "एक न्हाई, दोन देतो! लिवा!"

गुरुपादप्पाने सगळं लिहिलं. पारूबाईचा अंगठा घेतला. मग तिने उरलेलं मंगलसुत्त तसंच संथपणे पुरं केलं. उठताना त्याने तसबिरींना हात जोडले, वाकला, आणि वाकताना त्याचा हात पेटीच्या कडेला टेकला. व्यंकटीच्या घशातून बारीक आवाज निघाला, कोंबडीसारखा.

"भाऊ फार हळवा आहे रीऽ तुमचा," गुरुपादप्पा सिंधूला म्हणाला.

"हाव," सिंधू म्हणाली. "आत्ताच झालाय."

लुना गल्लीबाहेर गेली न गेली तोच व्यंकटीने दोन्ही मेणबत्त्या तळहाताने विझवल्या. उदबत्त्या मुठीत चुरगळल्या. हात भाजला, त्याला कळलं नाही. तो भिंतीला टेकून खाली बसला. मग त्याचा शब्द फिरला.

"आता ऐक," तो सिंधूला म्हणाला. "धमकी देऊन घेतलेली खोली खोली नसते. आत्ता पेटी माळावर नेतो, उद्या नगरपालिकेत जाऊन..."

"पेटी उघड," सिंधू म्हणाली.

"काय?"

"उघड की. आपल्याच हातानं भरलीस ना?"

व्यंकटीने तसबिरी जपून उतरवल्या, कापड काढलं, कडी सरकवली आणि झाकण उचलण्याआधी माधव दारापर्यंत पोचला होता. झाकण उघडलं. वर सिंधूचं निळं लुगडं. त्याखाली नर्सिंगची पुस्तकं, स्टीलचा डबा, एक फणी. तळाला दगडी पाटा आणि वरवंटा, लग्नात पारूबाईने दिलेला.

व्यंकटीने लुगडं उचलून झटकून पाहिलं.

"सामान बांधून ठेव म्हणाला होता ना माधव," सिंधू म्हणाली. "बांधलं. मला दुसरी पेटी सापडली न्हाई."

"तोटे?" व्यंकटीने पेटीच्या तळाशी हात घातला. "तोटे कुठंयत?"

"माळावर. गोदामात," पंचफुला म्हणाली. ती फुलं गोळा करत होती. "सकाळीच, तुम्ही भाईर गेल्यावर, मल्लिकार्जुन घिऊन गेला. तोटे येगळे, टोप्या येगळ्या, दोन खेपा केल्या त्यानं. मी म्हणलं, मालकाला इचारायचं का? तर म्हणे, वैनी, मी ह्याच दिवसाची वाट बघून राहिलो."

"आन् तू मला... फोटोखाली ठेव म्हणालीस..."

"खाटंखाली ठेवली असती तर तुम्ही खोटंच बोलला असता. फोटोखाली ठेवली, तर चौथं शील तरी म्हणलात."

माधव दारातूनच म्हणाला, "आई, तुला ठाऊक होतं?"

पारूबाई मेणाचे डाग नखाने खरवडत होती. "मला काय ठाऊक? मी म्हातारी, अडाणी. पण व्यंकट्या, तुझा बाप गेला तवा त्याच्या जलदानाच्या वंदनेतून तू अर्ध्यात उठून बिडी वढाया गेला होतास. आज पयल्यांदा आख्ख्या वंदनेला बसलास. तेवढ्यासाठी मी मंगलसुत्त दोनदा म्हणलं. कोणाला कळलं बी न्हाई."

संध्याकाळी गल्लीत हॉर्न वाजला. मुदखेडची जीप. व्यंकटी उठला नाही. माधवला एकाएकी कचेरीतलं काम आठवलं. सिंधूने पेटीतून पाटा उपसला आणि थोरल्या भावाच्या मांडीवर ठेवला.

"धर. कोपऱ्याच्या खोलीत न्यायचाय. खिडकी कुठं पाडायची ते बी बघून घे."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग पाटा पोटाशी धरून तो उठला. मागच्या दाराकडे जायचा रस्ता समोरच्या दारावरून होता, आणि दारातून आत येऊन त्या वाटेतच जावई उभा होता, खांद्यावर टॉवेल, तोंडात पान.

"झालं का सामान तयार?" जावयाने विचारलं.

व्यंकटी थांबला. दगड जड होता. हात भाजलेला होता.

"तयार हाय," तो म्हणाला. "बाजूला सरक. आतच न्यायचंय."